आचेची ओढ

नेरळहून पोशीरमार्गे कळंबकडे येणारा रस्ता ज्याने आश्विनाच्या आरंभी पाहिला असेल, त्याला या टापूचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. दोन्ही अंगांना निसवलेले भात, पाठीशी माथेरानचा सपाट माथा, समोर ढगांत अर्धी बुडालेली सह्याद्रीची भिंत, आणि या दोहोंच्या मध्ये आपली दुकाने मांडून बसलेले कळंब. कर्जत तालुक्याच्या दप्तरात हे गाव इतर गावांसारखेच एक गाव असले, तरी आसपासच्या वाड्यांतील माणसाच्या लेखी ते मोडलेले जोडून मिळण्याचे ठिकाण आहे. बिजागरी तुटलेले फाटक, गळकी कोठी, तळ गेलेली घमेली घेऊन माणसे येथे येतात आणि दुरुस्तीची मुदत मुक्रर करून घेऊन परत जातात. मी स्वतः तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्याची तीस वर्षे घालवून आता निवृत्त झालो असल्यामुळे, दुसऱ्याच्या कामाकडे स्वस्थपणे पाहत बसणे हा माझा एकमेव उद्योग उरला आहे, आणि त्या उद्योगासाठी मामांच्या पत्र्याच्या दुकानाइतकी सोयीची जागा गावात दुसरी नाही.

मामा हे माझे मामा नव्हेत. त्यांचा भाचा लहानपणी दर सुट्टीला येथे येऊन दिवसभर मामा, मामा म्हणून हाका मारीत असे, त्या हाकांनीच त्यांचे मूळ नाव पुसून टाकले. त्यांचे घराणे तांबटांचे. कोकणातील तांबटांना पेशव्यांनी पुण्यास नेऊन वसवले, त्यांची तांबट आळी कसब्यात आजही आहे, आणि तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके उमटवून त्याला चकाकी आणि बळकटी देण्याचे मठारकाम तेथील हातांतून अजून पुरते गेलेले नाही, हे मामा प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. आणि आपल्या आजोबांनी मात्र तांबे सोडून लोखंडी पत्रा धरला, हेही लगेच सांगतात, जणू पहिल्या विधानाचा अभिमान दुसऱ्याने फेडावयाचा असतो. भाचा पुण्याकडे एका कारखान्यात अभियंता आहे. यंदा नवरात्रात तो अष्टमीलाच आला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी असल्यामुळे मामा दुकानातील हत्यारे घासूनपुसून ओळीने मांडीत होते: ऐरण, घण, दोन हातोडे, लाकडी मोगरी, पत्र्याची कातर, सांडशी. एकदा पूजा झाली की दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत हत्याराला हात लावावयाचा नाही, असा त्यांच्या घरचा शिरस्ता. त्या ओळीशेजारी भाच्याने खिशातून काढून एक पट्टी ठेवली.

ती पट्टी मी हातात घेऊन पाहिली. स्टेनलेस स्टीलचा एक मिलिमीटर जाडीचा तुकडा, लांबीला वीतभर, रुंदीला दोन बोटे, आणि मध्यावर वाकवलेला. बाक फार नाही, ओंजळ किंचित उघडी धरावी तेवढा. बाकाच्या आतल्या अंगाला एक बारीक रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही काठांना निळा, त्यापुढे जांभळा, त्यापुढे गवती पिवळा असे रंग एकमेकांत विरत गेले होते. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि डोळ्यांऐवजी अंगठ्याने ती पट्टी वाचू लागले.

मामा : डाय-पंचाची खूण नाही. ठोकाही नाही. निळा रंग आला आहे, म्हणजे आच लागली आहे. पण रेघ सुतासारखी बारीक आहे, म्हणजे ही गॅसची आच नव्हे. आणि एक गंमत बघ. पत्रा मशीनवर वाकवला की बाकाशी ताणला जातो, पातळ पडतो. हा बाकाशी जाड लागतो आहे. केसभर, पण जाड. कोणी वाकवला हा?

भाचा : कोणी नाही, मामा. एक टोक पकडीत धरले होते, इतकेच. वरून लेझरचा झोत या रेघेवरून सरकत गेला. दर फेरीला पत्रा अंश-दीड अंश उचलला गेला. वीस-बावीस फेऱ्यांत आपोआप एवढा वाकला.

मामा : आपोआप म्हणू नकोस. आपोआप काही होत नाही. आपोआप म्हणणे म्हणजे करणाऱ्याचे नाव कागदातून खोडणे. काय अण्णा, खरे की नाही?

सरकारी दप्तरात ज्याने अनेक कामे आपोआप झालेली पाहिली आहेत, त्याने या बाबतीत मौन पाळणे श्रेयस्कर, असे वाटून मी नुसती मान हलवली. भाचा हसला, आणि मामांच्याच मुलखातला दाखला शोधू लागला.

भाचा : बरे, करणारा कोण ते सांगतो. तुम्ही लहानपणी गाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली असेल.

मामा : पाहिली म्हणजे? गोवऱ्यांचा जाळ मी केला आहे. धाव चाकापेक्षा बोटभर लहान करायची, लाल तापवायची, फुलली की सांडशींनी उचलून चाकावर बसवायची, आणि वरून पाणी ओतायचे. आकसली की लाकूड करकरते. मग ती धाव मरेपर्यंत सुटत नाही.

भाचा : म्हणजे लोखंड तापले की वाढते, निवले की आकसते. पोलादाची मीटरभर कांब १०० अंशांनी तापवली तर सव्वा मिलिमीटरभर वाढते. आता धावेला वाढायला मोकळी जागा होती. समजा, ती नसती तर? या पत्र्यावर लेझरने एक अगदी अरुंद पट्टा तापवला, तोही वरच्या थरातच. कारण उष्णता खालपर्यंत पोचण्याच्या आत झोत पुढे गेलेला असतो. तापलेल्या थराला वाढायचे आहे. खालचा थर थंड, आजूबाजूचा पत्रा थंड. ते वाढू देत नाहीत. साधे पोलाद ६०० अंशांना गेले की त्याची ताकद निम्म्याहून कमी होते. तेव्हा हा मऊ झालेला थर थंड शेजाऱ्यांच्या दाबाखाली स्वतःतच चेपला जातो. तुमच्या अंगठ्याला लागलेली केसभर जाडी ती हीच. मग झोत जातो, थर निवतो, आणि आकसू लागतो. पण मघाशी चेपला गेल्यामुळे तो आता मुळातच आखूड झालेला आहे. तो दोन्ही बाजूंना ओढतो, आणि पत्रा झोताच्या दिशेने वर उचलला जातो.

हा सर्व व्यवहार ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मोजणी खात्याचे एक जुने प्रकरण उभे राहिले. मधल्या शेतकऱ्याला ऐन हंगामात हद्द वाढवून हवी असते; चारी बाजूंचे खातेदार बांधाला बांध लावून उभे राहतात आणि तसूभर जागा देत नाहीत; तो आपल्याच जागेत आक्रसून बसतो; आणि पुढे हंगाम सरून तो आणखी मागे हटू लागला, की बांध सामाईक असल्यामुळे शेजाऱ्यांनाही आपल्याबरोबर ओढून नेतो. ज्यांनी हद्द नाकारली, त्यांच्याच अंगावर शेवटी वाक येतो. धातूच्या अंतरंगात चालणारा हा दिवाणी दावा क्षणार्धात निकाली निघतो आणि त्यावर अपील नसते, एवढाच काय तो फरक.

मामांना मात्र दाखल्यापेक्षा प्रत्यक्षाचा भरवसा अधिक. हत्यारे पुजायला अजून रात्र आहे, असे म्हणून ते उठले. पाच मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी त्यांनी एका टोकाशी वाइसमध्ये आवळली, खडूने आडवी रेघ मारली, आणि पट्टीच्या मोकळ्या टोकाच्या अगदी जवळ, स्पर्श होणार नाही अशा बेताने, तारेचा एक तुकडा उभा केला. मग गॅसची ज्योत निळी, टोकदार करून त्यांनी ती खडूच्या रेघेवरून सावकाश ओढली. रेघ काळवंडली, मग तांबूस झाली. आम्ही तिघे तारेकडे पाहत होतो. पट्टीचे टोक वर येण्याऐवजी केसभर खाली झुकले.

मामा : हे बघ! तुझे शास्त्र उलटे चालले.

भाचा : थांबा, मामा. आधी ते आचेपासून लांबच जाते. वरचा थर फुगला आहे ना, म्हणून. आता निवू द्या.

ज्योत विझल्यावर दुकानात जी शांतता पसरली, तिच्यात मला मागच्या शेतातील बेडकांचे ओरडणे ऐकू आले. टोक हळूहळू परत आले, तारेच्या खुणेशी क्षणभर थबकल्यासारखे झाले, आणि मग, कोणाचाही हात लागलेला नसताना, तिच्यावर चढले. मामांनी मान डोलावली. पण ती मान नवल वाटलेल्या माणसाची नव्हती, ओळख पटलेल्या माणसाची होती.

मामा : अरे, हे तर आम्ही रोज करतो! वेल्डिंग केले की फाटक पळते. चौकट मारताना काटकोनात असते, निवल्यावर बघावे तर एक कोपरा वर. मग उलट्या अंगाने योग्य जागी आच द्यायची, की चौकट परत जागेवर. आम्ही त्याला ओढ देणे म्हणतो. म्हणजे जो दोष काढण्यात माझा जन्म गेला, तो तुम्ही लोकांनी हत्यार म्हणून धरला!

भाचा : अगदी तसेच. जहाजे बांधणाऱ्या गोद्यांतही हे पूर्वीपासून आहे. जहाजाच्या कुशीचा जाड पत्रा ठरलेल्या रेघांवर ज्योतीने तापवायचा, मागोमाग पाणी मारायचे, आणि त्याला दोन्ही दिशांनी गोलाई आणायची. नवे आहे ते माप. तुमच्या ज्योतीचा पट्टा अंगठ्याएवढा. लेझरचा ठिपका पत्र्याच्या जाडीएवढा, एक मिलिमीटरचा करता येतो. ज्योतीचा वेग तुमच्या मनगटात. झोताचा वेग आकड्यात. आणि मशीनवर पत्रा ९० अंशांत वाकवायचा तर तुम्ही काय करता?

मामा : दोन अंश जास्त वाकवतो. पंच उचलला की पत्रा तेवढा मागे येतो. किती मागे येईल ते पत्र्याची जात आणि त्या दिवशीचा पत्रा बघून ठरवायचे.

भाचा : इथे पत्रा मागे येतच नाही; कारण त्याला बाहेरून कोणी ढकललेलेच नसते. तो स्वतःच्या ओढीने जेवढा वाकला तेवढा वाकला.

हे वाक्य भाच्याने विजयी मुद्रेने उच्चारले. आणि नेमकी ती विजयी मुद्राच मामांना खटकली असावी, कारण येथून पुढे त्यांच्या बोलण्यात उलटतपासणी करणाऱ्या वकिलाचा सूर आला.

मामा : ठीक. मग मला सांग, काटकोनाला किती फेऱ्या?

भाचा : पन्नास, साठ. कधी जास्तही. पुढे पुढे दर फेरीचा बाक कमी होत जातो, कारण पत्रा जाड आणि कडक होत जातो. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला निवू द्यावे लागते.

मामा : माझे बेंडिंग मशीन ते काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करते. आणि वीज? झोताला लागते किती, आणि झोतात उतरते किती?

भाचा : जुन्या वायूच्या लेझरमध्ये शंभर भाग विजेतले दहाएक भाग झोतात येतात. नव्या फायबर लेझरमध्ये तीस-चाळीस.

मामा : म्हणजे दहा शेर भात कांडून शेरभर तांदूळ. आणि तांबे? माझ्या पणजोबांचे तांबे वाकवशील का तू या झोताने?

भाच्याने उत्तर देण्यापूर्वी हत्यारांच्या ओळीकडे पाहिले. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्या क्षणी आदर वाटला.

भाचा : तांबे कठीण आहे, मामा. वायूचा झोत तांब्यावर पडला की शंभरातले पंचाण्णवाहून अधिक भाग आरशासारखे परत फिरतात. जो थोडा आत शिरतो, त्याची उष्णता तांबे लगेच सगळीकडे वाटून टाकते. या स्टेनलेसपेक्षा पंचवीसपट वेगाने. वरचा थर तापलेला आणि खालचा थंड, असा उतार टिकतच नाही. पोलादावरसुद्धा झोत नीट शोषला जावा म्हणून आम्ही कित्येकदा ग्रॅफाइटचा काळा लेप देतो.

मामा : बघा अण्णा. मोगरीपुढे सर्वांत गरीब धातू कोणता? तांबे. तापवून पाण्यात टाकावे, मेणासारखे मऊ होते. ठोकावे, कडक होते. पुन्हा तापवावे, पुन्हा मऊ. माणसाच्या हाताला जो धातू सर्वांत आधी वश झाला, तो तुमच्या झोताला तोंड दाखवायला तयार नाही. धातूलाही माणूस कळतो!

येथे मला मध्यस्थी करणे भाग पडले. मी म्हणालो, की प्रत्येक हत्याराचा इलाखा निराळा असतो, आणि तलाठ्याने मामलेदाराचे काम केले नाही म्हणून त्याला कामावरून काढीत नाहीत. तेव्हा लेझरचा इलाखा कोणता, ते भाच्याने सांगावे.

भाचा : अण्णा म्हणतात ते बरोबर. कोठ्या आणि पेट्या करायला हे यंत्र नाहीच. पण संगणकातल्या चकतीवर लिहिणारे-वाचणारे टोक एका पातळ पोलादी पानावर तोललेले असते. जोडणी झाल्यावर ते पान अंशाच्या काही भागाने चुकले, तर ते सरळ करायला कुठली पकड आणि कुठली मोगरी घालणार? तिथे लेझरचा एखादा क्षणिक ठिपका पुरतो. एखाद्या यंत्राचा एकच भाग हवा असेल, तर त्याच्यासाठी महागडी डाय कोण कोरणार? नाम्बा नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात असे सुचवले होते, की अवकाशात, जिथे अवजड प्रेस नेणे अशक्य, तिथे पत्रे झोतानेच वाकवावेत. जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठात नव्वदच्या दशकात याचे गणित बसवले गेले. झोत बारीक आणि जलद असला तर पत्रा झोताकडे वळतो; झोत जाडीच्या दहापट रुंद आणि संथ असला, तर पत्रा आरपार तापून फुगवटा धरतो, आणि मग तो वर वळेल की खाली, हे ज्याच्या त्याच्या मूळच्या ताणावर ठरते.

मामा : जपान, जर्मनी, अवकाश. कळंब कुठे आले यात?

भाचा : कळंब नाही, पण बारामती आली. लेझर पहिल्यांदा पेटला तो अमेरिकेत १९६० साली, माणकाच्या कांडीतून. पण धातू कापण्या-जोडण्याच्या कारखान्यांत ज्याने खरे राज्य केले, तो कार्बन डायॉक्साइड वायूचा लेझर. तो १९६४ साली ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले आणि १९५८ साली पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांच्या झोताची लहर १०.६ मायक्रोमीटरची, डोळ्याला न दिसणारी. न दिसणाऱ्या उजेडाने लोखंड कापायचे, हे पुण्यात शिकलेल्या माणसाचे काम आहे, मामा.

मी मनात हिशेब केला. ज्या कॉलेजाचा भाचा उल्लेख करीत होता, ते १८५४ साली निघाले तेव्हा त्याचा हेतू सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करणे एवढाच होता. दुय्यम माणसांसाठी काढलेल्या त्या शाळेतून शंभर वर्षांनी असा माणूस निघावा, ही गोष्ट सरकारी तजविजीत बसणारी नव्हती. परंतु मामांचे समाधान झाले नव्हते. उलट त्यांच्या मनातील खरी तक्रार आताच वर आली.

मामा : शोधला कुठे?

भाचा : अमेरिकेत. बेल प्रयोगशाळेत.

मामा : तेच. खोपोलीला टाटांनी १९१५ साली पाण्यावर वीज काढली. आपल्या तालुक्यात भिवपुरीला १९२२ साली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस आमचा, उतार आमचा, आणि दिवा कुठे लागला? मुंबईच्या गिरणीत. तारा आमच्या डोक्यांवरून गेल्या आणि माझ्या आईने चिमणीच्या उजेडात माझे सदरे शिवले. १९४२ साली माथेरानच्या भाई कोतवालांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. पुढे २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पडले. ते सरकारविरुद्ध होते, विजेविरुद्ध नव्हे, हे मला कळते. पण डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूविषयी या डोंगरपट्टीला एक संशय आहे, तो उगाच नाही. तुझा लेझर तसाच आमच्या डोक्यावरून जाणार. बारामतीचा माणूस, पुण्याचे शिक्षण, शोध अमेरिकेचा, गणित जर्मनीचे, आणि आम्ही? आम्ही पकडीत धरलेले टोक.

यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. बाहेर अंधारून आले होते; दिवा लावण्यासाठी मामा उठले, आणि त्या अवधीत त्याने विचार केला असावा, कारण पुढचे त्याचे बोलणे मघाच्यासारखे धावते नव्हते.

भाचा : मामा, इंदुरात १९८४ साली निघालेले सरकारचे मोठे केंद्र लेझरवरही काम करते आहे, आणि लेझरने पत्रा कापणारी यंत्रे भोसरीत आणि तळोज्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. म्हणजे डोक्यावरून गेलेले काही खालीही उतरते. पण ते राहू द्या. तुमच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे, ती मी सांगतो. आमचे गणित पुष्कळदा चुकते. झोत तोच, वेग तोच, जाडी तीच. तरी एका पत्र्याला दीड अंश येतो आणि दुसऱ्याला सव्वा. कारण पत्रा कारखान्यात लाटला गेला, त्याची गुंडाळी झाली, पुन्हा उलगडून सपाट केला. त्या सगळ्याचे ताण त्याच्या पोटात असतात. शिवाय रेघेच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी थंड पत्रा धरून ठेवतो, पण कडेला धरणारा एकाच बाजूला असतो; म्हणून रेघेभर बाकही सारखा येत नाही.

मामा : मग काय करता?

भाचा : दर फेरीनंतर थांबतो. कोन मोजतो. जेवढा कमी पडला असेल, त्याप्रमाणे पुढच्या फेरीचा वेग बदलतो. मग पुन्हा मोजतो.

मामा : कशाने मोजता?

भाचा : दुसऱ्या एका लहान लेझरने. तो वाकवत नाही, नुसता बघतो.

मामांनी आपल्या उजव्या हाताचा अंगठा दिव्यासमोर धरला. पत्र्याच्या कडांनी पडलेल्या बारीक चिरांत काजळी बसून तो एखाद्या जुन्या नकाशासारखा दिसत होता.

मामा : तुझा दुसरा लेझर म्हणजे हा. ठोका मारायचा, अंगठा फिरवायचा. पुन्हा ठोका, पुन्हा अंगठा. आजोबा सांगायचे, ठोका सगळेच मारतात. अंगठ्याला जो थांबतो, तो तांबट. तुझे यंत्र थांबून विचारते म्हणतोस, तर त्याच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण त्या आपोआपशी होते.

भाचा : पण मामा, हा अंगठा तुमच्याबरोबर जाईल. माझा आकडा मी लिहून ठेवतो. तो पुढच्याला मिळतो.

मामा : आकडा मिळतो. थांबायचे कुठे, हे आकड्यात लिहिलेले असते का?

भाचा : थोडे असते. सगळे नसते.

मामा : आणि माझा अंगठाही मी तुला थोडाच दिला. सगळा नाही.

दोघेही आपापल्या बाजूने एकेक पाऊल मागे सरले होते. वाद मिटतो आहे असे पाहून निघावे, या विचाराने मी छत्री उचलली. परंतु मामांनी ती वीतभर पट्टी पुन्हा हातात घेतली होती.

मामा : ही सरळ करून दाखवतो. उलट्या अंगाने आच द्यायची, इतकेच ना?

भाचा : तत्त्व तेच. पण पत्रा एकच मिलिमीटर आहे, मामा. तुमची ज्योत रुंद. खालपर्यंत एकदम तापेल, उतार राहणार नाही.

मामा : म्हणून खाली ओले गोणपाट.

त्यांनी गोणपाटाचा तुकडा पिंपात बुडवून ऐरणीवर पसरला, पट्टी बाक वर येईल अशी त्यावर पालथी घातली, बाकाच्या पोकळीत ओल्या गोणपाटाचीच घडी सारली, आणि ज्योत इतकी बारीक केली, की ती विझते की काय असे वाटावे. मग बाकाच्या पाठीवरून एकच झपाट्याचा हात फिरवला. गोणपाट चरचरले, वाफ उठली. पट्टी निवल्यावर भाच्याने ती उचलून पाहिली. बाक खरोखरच थोडा उतरला होता. मामांनी दुसरा हात फिरवला, तिसरा फिरवला, पुढे किती फिरवले ते मी मोजले नाही. आणि पट्टी जवळजवळ सपाट झाली, परंतु तिच्या दोन्ही कडांना, उन्हात वाळलेल्या पापडाला येते तशी, एक बारीक लहर आली.

भाचा : कडा लहरल्या. ज्योत रुंद पडली.

मामा : पडली. एवढा बारीक हात माझ्या ज्योतीला नाही. हे तुझ्या झोताचे.

हे त्यांनी इतक्या सरळपणे कबूल केले, की भाच्याला काय बोलावे ते सुचेना. मामांनी मांडून ठेवलेल्या ओळीतून मोगरी उचलली, पट्टी ऐरणीच्या सपाट अंगावर ठेवली, आणि कडेकडेने, लाकडाचा आवाज धातूच्या आवाजावर चढणार नाही इतक्या हलक्या हाताने, ठोके घालीत गेले. दोन ठोक्यांच्या मध्ये अंगठा फिरत होता. लहर मावळली. मग त्यांनी पट्टी दिव्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि तिच्या धारेवरून नजर टाकली.

मामा : सरळ.

भाच्याने ती त्यांच्या हातून घेतली, तसाच एक डोळा मिटला, तशीच नजर टाकली. मामा-भाच्यांच्या चेहऱ्यांत एरवी फारसे साम्य नाही. परंतु तो एक डोळा मिटताना दोघांच्याही ओठांची डावी कड सारखीच वर जाते, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले.

भाचा : अर्धा अंश आहे अजून.

मामा : दिवा मिणमिणतो आहे, म्हणून तुला तसे दिसते.

भाचा : अर्धा अंश आहे, मामा.

मामांनी पट्टी परत घेतली, फडक्याने पुसली, आणि मोगरी आणि कातर यांच्या मध्ये, उद्याच्या पूजेच्या ओळीत, ठेवून दिली.

भाचा : ती कशाला? ते हत्यार नाही.

मामा : हत्यार आहे की काम आहे, ते अजून ठरायचे आहे. एकदा पुजले, की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. दसऱ्यानंतर उजेडात बघू, कोणाचा अर्धा अंश खरा ते.